गांडुळांच्या डब्यात काय घालावं, काय घालू नये

गांडूळखताचा डबा घरात आला, की पहिल्या आठवड्यात हात आवरत नाही. भाजी निवडली, टाक डब्यात. फळ चिरलं, टाक डब्यात. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत डबा सुरू केला तो नेमका मे महिन्यात. आंब्यांचे दिवस. रोज आमरसाची सालं निघायची आणि मी ती सगळी डब्यात घालायची. चौथ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर आंबूस, दारूसारखा वास आला. गांडुळं झाकणाच्या आतल्या बाजूला गोळा होऊन चिकटली होती. हात घातला तर खालचा थर चक्क गरम लागत होता. निम्मी गांडुळं त्या आठवड्यात मेली.

सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, कालचं अजून तसंच आहे ना, मग आज कशाला घालतेस?"

गांडुळांच्या जेवणाबद्दल मला पुढे जे काही कळलं, त्याचा पाया या एका प्रश्नात आहे. खाली सगळं क्रमानं लिहिलं आहे. तुमची निम्मी गांडुळं वाचावीत, एवढ्यासाठीच.

१. गांडूळ खातं कसं, हे आधी समजून घ्या

गांडुळाला दात नसतात. ताजी दुधीची साल त्याच्यासमोर ठेवली तर ते तिला चावू शकत नाही. आधी जिवाणू आणि बुरशी त्या सालीवर बसतात, ती मऊ पडते, लिबलिबीत होते, आणि मग गांडूळ ती जिवाणूंसकट ओढून घेतं. पोटात पक्ष्यासारखी पेषणी असते, तिथे मातीच्या बारीक कणांच्या मदतीनं हे सगळं दळलं जातं.

यातून तीन गोष्टी निघतात. ताज्या कचऱ्याला डब्यात थोडे दिवस लागणारच. बारीक चिरलेलं लवकर संपतं. आणि डब्यात थोडी माती, वाळू किंवा अंड्याच्या टरफलांची पूड हवीच.

आणखी एक: गांडूळ त्वचेतून श्वास घेतं, आणि त्यासाठी ती सतत ओलसर लागते. मीठ, तिखट, तेल, आंबट रस यांचा त्रास त्याला थेट अंगावर होतो. 'काय घालू नये' ही यादी पाठ करण्यापेक्षा ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

२. गांडूळ कोणतं आणायचं

पावसाळ्यात अंगणात किंवा कुंडीखाली निघणारं गांडूळ डब्यात चालत नाही. ते खोल मातीत राहणारं, माती खाणारं असतं. डब्यात ते तग धरत नाही. आपल्याला हवं ते पृष्ठभागाजवळ, कुजणाऱ्या पाल्यात राहणारं. आपल्याकडे सहसा दोन जाती मिळतात. आयसेनिया फेटिडा लहान, लालसर आणि अंगावर फिकट पट्टे असलेलं असतं. ते थंडी आणि उकाडा दोन्ही बऱ्यापैकी सोसतं. युड्रिलस युजिनी मोठं, जांभळट चकाकीचं आणि भरपूर खाणारं, पण थंडीत मलूल होतं. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्या भागातलीच जातही काही ठिकाणी मिळते. नवख्यांनी आयसेनिया घ्यावं असं माझं मत आहे.

कृषी विज्ञान केंद्रात, कृषी महाविद्यालयात किंवा गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याकडे विचारा. घेताना एक प्रश्न नक्की विचारा: वजन नुसत्या गांडुळांचं की खतासकट? अर्धा किलोच्या पिशवीत कधी कधी तीनशे ग्रॅम खतच असतं. त्यात काही वाईट नाही, त्या खतात गांडुळांच्या अंड्यांचे कोषही येतात. पण पुढे खाण्याचा हिशेब करताना तो आकडा लागतो.

३. सामान जमवा

- झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा किंवा क्रेट, साधारण ३० ते ४० लिटरचा. खोल नको, पसरट हवा. बाजूंना आणि तळाला भोकं.
- खाली ठेवायला ताट.
- कोकोपीट किंवा सोडवलेली नारळाची शेंडी, फाडलेली वर्तमानपत्रं, पुठ्ठ्याची साधी खोकी. चकचकीत छपाईचा कागद नको.
- वाळलेल्या पानांची एक गोणी. ही कायम हाताशी असावी.
- दहा-पंधरा दिवस सुकलेलं शेण, दोन-तीन किलो. नाही मिळालं तरी चालतं.
- गोणपाटाचा तुकडा, वरून झाकायला.
- बागेतलं लहान तीन दात्यांचं खुरपं, पाण्याची फवारणी बाटली.
- स्वयंपाकघरात ठेवायला झाकणाचा एक लहान डबा. याचा उपयोग पुढे सांगते.

शेणाबाबत एक इशारा. गोठ्यात किंवा गोशाळेत विचारा, जनावरांना नुकतंच जंताचं औषध दिलंय का? दिलं असेल तर ते शेण घेऊ नका. औषधाचा अंश शेणात उतरतो आणि तो गांडुळांना घातक ठरू शकतो. ताजं शेणही नको, ते कुजताना तापतं. कोंबडीखत तर अजिबात नको.

४. अंथरूण करा आणि दोन दिवस थांबा

तळाला पुठ्ठ्याचे तुकडे, त्यावर भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि फाडलेले कागद, त्यावर सुकं शेण आणि मूठभर बागेतली माती. एकूण वीतभर थर. ओल तपासायची रीत सोपी आहे: मूठभर घ्या, घट्ट दाबा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला की बरोबर. धार लागली तर कागद वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी फवारा.

गांडुळं वर सोडा. ती आपणहून खाली जातात. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांना काही खायला घालू नका; अंथरूण हेच त्यांचं पहिलं जेवण. नव्या जागेत ती रात्री बाहेर पडायला बघतात, म्हणून पहिल्या दोन रात्री डब्याजवळ दिवा चालू ठेवा. उजेड त्यांना नको असतो, त्यामुळे ती आतच राहतात.

५. आता मुख्य गोष्ट: काय घालायचं

आपल्या स्वयंपाकघरात रोज जे निघतं त्याच्याच नावांनी सांगते.

बिनधास्त घाला. दुधी, दोडका, पडवळ, काकडीची सालं. कोबी-फ्लॉवरची बाहेरची पानं. मेथी, कोथिंबीर, पालकाच्या काड्या, पण बोटभर लांबीच्या चिरून. अख्खी जुडी घातलीत तर तिचा गोळा होऊन आत वाफ धरते. गवार आणि घेवड्याच्या शिरा. गाजर-मुळ्याचा पाला. मक्याच्या कणसाची बाहेरची पानं फाडून. केळ्याची सालं चिरून. पपईची साल. उन्हाळ्यात कलिंगड आणि खरबुजाची सालं. कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग तर गांडुळं असा साफ करतात की दहा दिवसांनी हातात कागदासारखा हिरवा पापुद्रा येतो. तो उलटा केला की त्याला चिकटून पाच-सहा बारीक पिल्लं दिसतात, दोऱ्याएवढी, जवळजवळ पारदर्शक, आतली लाल रेघ दिसणारी. माझ्या डब्यातली पहिली पिल्लं मला तिथेच दिसली.

चहाचा चोथा. हा आपल्याकडे रोज दोनदा निघतो, म्हणून याचं वेगळं सांगते. आपल्या चहात दूध-साखर असते. तो चोथा तसाच टाकला तर मुंग्या येतात आणि आंबूस वास सुटतो. गाळणी नळाखाली धरा, पाणी स्वच्छ येईपर्यंत चोथा धुवा, मग घाला. आल्याचे तुकडे आणि वेलदोड्याची सालं काढायची गरज नाही. चहाच्या पिशव्या मात्र नकोत. बऱ्याच पिशव्यांत प्लॅस्टिकचे धागे असतात आणि ते खतात तसेच राहतात.

निर्माल्य. झेंडू, शेवंती, तुळस, दूर्वा सगळं चालतं. पण आधी हारातला दोरा काढा, जरीचे आणि प्लॅस्टिकचे तुकडे वेचा. कापूर, उदबत्तीची राख, गुलाल लागलेली फुलं बाजूला ठेवा. दोरा राहिला तर गांडुळं त्यात अडकतात, आणि खुरपं फिरवताना तोच दोरा ओढला जाऊन ती तुटतात. गणपतीत निर्माल्य एकदम खूप साठतं. ते वाळवून ठेवा आणि पुढचा महिनाभर मूठ मूठ घाला. वाळलेला झेंडू तर ओलं फार झाल्यावर लागणारा सुका माल म्हणूनही कामी येतो.

अंड्याची टरफलं. धुऊन, वाळवून, मिक्सरमध्ये पूड करून. आठवड्याला एक चमचा पुरे. ही पूड पेषणीला उपयोगी पडते आणि डब्यातला आंबटपणाही कमी करते. नुसती हातानं चुरलेली टरफलं वर्षभर तशीच राहतात. अंडी घरात येत नसतील तर चिमूट चिमूट बारीक वाळू घाला. चुना मात्र कधीच घालू नका, गांडुळांची त्वचा भाजते.

६. बेतानं घालायच्या गोष्टी

आंबा. माझा अनुभव सांगितलाच. गोड गराला आंबायला वेळ लागत नाही, आणि आंबताना तो तापतो. आठवड्याला दोन-तीन आंब्यांची सालं, गर पुसून, बारीक चिरून, सुक्या पानांखाली. कोय नाही. ती वर्षभर राहते किंवा सरळ उगवते. फणसाची काटेरी सालही नको, आतले मऊ धागे थोडे चालतील.

लिंबू, संत्रं, मोसंबी. सालीतलं तेल आणि आंबटपणा दोन्ही त्रासाचे. एखादी फोड आली तर घाबरू नका, पण सरबताच्या दिवसांत रोज दहा लिंबांची सालं घालाल तर गांडुळं त्या कोपऱ्यात फिरकणार नाहीत.

कांदा-लसूण. यावर लोक खूप ठामपणे बोलतात की गांडुळांना कांदा चालतच नाही. चार्ल्स डार्विननं कुंड्यांत गांडुळं पाळून ती काय खातात हे तपासलं होतं आणि त्याच्या नोंदी १८८१ साली प्रसिद्ध केल्या. त्यानं कोबीच्या पानांचे आणि कांद्याचे तुकडे मातीत पुरून ठेवले, आणि गांडुळांनी ते शोधून काढले. कांदा त्यांना आवडतो असंच त्याचं निरीक्षण होतं, आणि गाजराची पानं तर फारच. त्याची गांडुळं मातीतली होती, डब्यातली नव्हेत, हे खरं. माझ्या डब्यात कांद्याची वाळकी सालं हळूहळू का होईना, संपतात. ओल्या कांद्याचे तुकडे मात्र बंद डब्यात कुजून वास मारतात. म्हणून वाळकी सालं घाला, ओला कांदा नको.

बटाट्याची सालं चालतात, पण डोळे फुटलेली असतील तर डब्यात बटाट्याचा वेल तयार होतो. टोमॅटो, लाल भोपळा, पपई, मिरची यांच्या बियांचंही तेच. मोठ्या खतखड्यात उष्णतेनं बिया मरतात. गांडुळांचा डबा तापू द्यायचाच नसतो, त्यामुळे बिया जिवंत राहतात. माझ्या गुलाबाच्या कुंडीत दर वर्षी टोमॅटोची रोपं येतात. तुम्हाला ती नको असतील तर बिया आधीच काढा.

ओलं खोबरं वाटून उरलेला चोथा तेलकट असतो, चमचाभरच. शेंगदाण्याची टरफलं कुजायला वेळ घेतात, पण डबा मोकळा ठेवतात. ती मला आवडतात. कडीपत्त्याच्या काड्या नुसत्याच पडून राहतात.

७. कधीच घालू नका

फोडणीचं काहीही. भाजी, आमटी, लोणच्याची फोड, पापड. मीठ आणि तेल या दोन्हींमुळे. दूध, दही, तूप, पनीर. मासे, कोळंबीची सालं, हाडं. वासानं उंदीर-घुशी येतात. कुत्र्या-मांजराची विष्ठा. कीटकनाशक मारलेला बागेतला पाला. निलगिरीची पानं, आणि कडुनिंबाचा पाला मोठ्या प्रमाणात.

"पोळी चालते का? भात चालतो का?" हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. चमचाभर नुसत्या भातानं काही बिघडत नाही. पण भाताचा गोळा होतो, आत हवा जात नाही, तो आंबतो. पोळीला तेल-तूप असतं. पहिले तीन महिने दोन्ही टाळा. ते ओल्या कचऱ्याच्या बादलीतच जाऊ द्या. डब्यानं घरातला सगळा ओला कचरा संपवलाच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही.

८. किती आणि कसं

पुस्तकी हिशेब असा की नीट जम बसलेल्या डब्यात गांडुळं रोज स्वतःच्या वजनाच्या निम्मं खातात. अर्धा किलो गांडुळं असतील तर रोज पाव किलो. हा आकडा बघून फसू नका. नव्या डब्यात जिवाणूच अजून पुरेसे नसतात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड एक वाटी चिरलेला कचरा, एवढंच. मग हळूहळू वाढवा. पूर्ण प्रमाणावर यायला दोन महिने लागले तरी लागू द्या.

कसं घालायचं:

१. स्वयंपाकघरातल्या लहान डब्यात दोन-तीन दिवसांचा चिरलेला कचरा साठवा. तळाला कागद, वर मूठभर सुकी पानं. तेवढ्यात तो मऊ पडतो. फ्रीजरमध्ये जागा असेल तर रात्रभर तिथे ठेवा. गोठून सुटलेली साल लगेच लिबलिबीत होते आणि फळांवर आलेली चिलटांची अंडीही मरतात. घालण्याआधी मात्र बर्फ पूर्ण वितळू द्या, थंडगार गोळा डब्यात नको.

२. डब्याचे मनातल्या मनात चार कोपरे करा. आज पहिल्या कोपऱ्यात चार बोटं खोल उकरून कचरा घाला.

३. वरून तेवढीच सुकी पानं किंवा कागद, मग अंथरूण ओढून झाका, वर ओलं गोणपाट. उघडा राहिलेला तुकडा म्हणजे चिलटांना आमंत्रण.

४. पुढच्या वेळी दुसरा कोपरा. असं फिरत पहिल्या कोपऱ्याकडे परत या, आणि तिथे उकरून बघा. ओळखू येणारं बरंच शिल्लक असेल तर त्या दिवशी काही घालू नका.

चौथी पायरी हीच सासूबाईंची पायरी. डब्यावर कॅलेंडर लावू नका. कोपरा उकरा, बघा, मग ठरवा.

९. डबा काय सांगतोय

चांगल्या डब्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. आंबूस वास आला तर खाणं थांबवा, सुका माल मिसळा, टरफलांची पूड घाला. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही. खुरप्यानं अलगद मोकळं करा, तळाची भोकं बुजलीत का बघा.

लाल मुंग्या आल्या तर डबा कोरडा पडला आहे. पाणी फवारा, आणि डबा चार पायांच्या स्टँडवर ठेवून ते पाय पाणी भरलेल्या चार वाट्यांत ठेवा. मळकट-करड्या जाड अळ्या दिसल्या तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या गांडुळांना खात नाहीत, पण ओलं अन्न भराभर फस्त करतात आणि त्यांच्यामुळे डबा तापतो. वेचून काढा आणि फळांची सालं काही दिवस बंद करा. पांढरे, दोऱ्यासारखे बारीक किडे खूप झाले तर लोकांना ती गांडुळांची पिल्लं वाटतात. पिल्लांत लाल रेघ दिसते, यांच्यात नाही. हे किडे निरुपद्रवी असतात. डबा आंबट आणि फार ओला झाल्याचं ते लक्षण आहे.

ताटात काळं पाणी साठत असेल तर पाणी जास्त होतंय. ते दहापट पाण्यात मिसळून शोभेच्या झाडांना घाला. याला लोक गांडूळपाणी म्हणतात, पण मुद्दाम केलेलं गांडूळपाणी वेगळं. हे कचऱ्यातून झिरपलेलं आहे, पालेभाज्यांवर फवारू नका.

१०. ऋतूप्रमाणे बदल

गांडुळांना १५ ते ३० अंश मानवतं, ३५ च्या वर ती संकटात येतात. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या बाल्कनीत डबा ठेवू नका, घरात मोरीजवळ आणा. गोठवलेली पाण्याची बाटली दुपारी डब्यात एका कोपऱ्यात ठेवली तर त्यांना उरलेल्या जागेत निवड राहते. खाणं निम्मं करा. पावसाळ्यात भाजीच ओली येते, म्हणून पुठ्ठा दुप्पट. थंडीत ती हळू खातात, तुम्हीही हळू घाला.

पंधरा दिवस गावाला जाताना एकदम भरपूर घालून जाण्याचा मोह होतो. तसं केलं तर परत येऊन मेलेला डबा दिसेल. नेहमीएवढंच घाला, वर जाड ओला पुठ्ठा अंथरा आणि जा. पुठ्ठा आणि अंथरूण खाऊन ती तेवढे दिवस आरामात काढतात.

११. खत काढताना खाण्याचाच उपयोग करा

अडीच-तीन महिन्यांनी खाली काळं, चहापत्तीसारखं रवाळ खत दिसू लागेल. गांडुळं एकेक वेचत बसू नका. सगळं खत डब्याच्या डाव्या अर्ध्या भागात सरकवा, उजवीकडे नवं अंथरूण घाला, आणि पुढचे तीन आठवडे फक्त उजवीकडेच खायला घाला. डाव्या बाजूला काही नाही. उशिरानं निघणारी गांडुळं राहिलीच तर डावीकडे खरबुजाची एक फोड, कापलेली बाजू खाली करून, रात्रभर ठेवा. सकाळी ती अलगद उचला. खाली सगळी गोळा झालेली असतात, त्या फोडीसकट त्यांना उजवीकडे नेऊन ठेवा.